गुणाजी धुरीचं गाऱ्हाणं

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात गुणाजी धुरीला ओळखत नाही अशी बाई शोधून सापडली नसती. त्यात गुणाजीचं कर्तृत्व काही नव्हतं. सगळ्यांचं दळण त्याच्या हातून जायचं, एवढंच. ऐन उमेदीची वर्षं त्याने परळच्या कापडगिरणीत विणकामाच्या साच्यावर काढली. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बसली, तिच्याबरोबर तोही घरी बसला, आणि मग कुणाच्या तरी ओळखीने बाजारातल्या पिठाच्या गिरणीत लागला. "गिरणी काय माका सोडूक तयार नाय," असं तो स्वतःच सांगायचा आणि भुवयांवरचं पीठ झटकत हसायचा. माणूस सरळ. पण हट्टी म्हणजे हट्टी. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाही, आणि ज्या गोष्टी त्याला कळत नसत त्यांत तर मुळीच नाही.

त्याचा एकुलता एक मुलगा कुंडलिक आयटीआय करून फिटर झाला आणि झांबियात तांब्याच्या खाणीवर नोकरीला गेला. खाणीच्या इस्पितळात एस्तर नावाची नर्स होती, तिच्याशी त्याने तिथेच लग्न केलं. लग्नाचा फोटो पोस्टाने आला तेव्हा गुणाजीची बायको शेवंती तो पालथा घालून बसली आणि दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी गुणाजीने फोटो सरळ केला. "काळी आसा म्हणान रडतंस? आपलो विठोबा खंय गोरो आसा?" शेवंतीने डोळे पुसले आणि ताट वाढून घेतलं. पुढे नात झाली, कुंडलिकने तिचं नाव मीरा ठेवलं, आणि तिचा फोटो आला तेव्हा तो आख्ख्या बिल्डिंगला दाखवत फिरली ती शेवंतीच.

पंच्याऐंशी साली खाणीच्या रस्त्यावर ट्रक उलटला आणि कुंडलिक गेला. इथे फक्त तार आली. मुलाचं तोंड शेवटचं पाहणं आईबापांच्या नशिबात नव्हतं. शेवंतीने त्यानंतर कितीतरी महिने दाराची कडी लावली नाही. लावली तर कुंडलिक बाहेरच राहील असं तिला वाटायचं. गुणाजी मात्र रोज गिरणीत जायचा. पट्ट्याच्या आवाजात माणूस रडला तरी कुणाला ऐकू जात नाही.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये एस्तर आली. दोन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकून तिने विमानाची तिकिटं काढली होती आणि चार वर्षांच्या मीराला घेऊन ती सरळ सासऱ्याच्या दारात उभी राहिली. बिल्डिंगमधली पोरं जिन्यात जमली. शेवंतीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, मीराचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि "नाक बापाशीचाच आसा गो," म्हणून जी रडायला लागली ती एस्तरने जवळ घेतल्यावरच थांबली. सासूला सुनेची भाषा येत नव्हती, सुनेला सासूची. पण घरात काही अडलं नाही. एस्तर पहाटे उठून नळावरून पाणी भरायची, शेवंतीच्या गुडघ्यांना तेल चोळायची आणि जेवताना सोलकढी मागून घ्यायची. मीरा तर दोन महिन्यांत मालवणी बोलायला लागली. "आजी, माका भात नको, माका मासो होयो," असं ती ओरडली की शेजारची रत्नप्रभा आपल्या दारातून हसायची.

एस्तरचं येणं पाहुणीचं होतं. तिच्या पासपोर्टावर तीन महिन्यांचा शिक्का होता. पण महिना उलटायच्या आत घरात दुसरंच ठरलं. एस्तरची आई नव्हती, तिकडे ड्युटीवर जाताना मीराला कुठे ठेवायचं हा रोजचा घोर होता. इथे आजी होती, आजोबा होते, पोर अंगाने भरत होती. आधी मुक्काम सहा महिन्यांनी वाढवून घ्यायचा, मग इथेच एखाद्या इस्पितळात काम बघायचं, असं तिने नानांच्या तोंडून सांगितलं. नाना म्हणजे तळमजल्यावरचे, पोस्टातून रिटायर झालेले; बिल्डिंगमधलं सगळं इंग्रजी त्यांच्याकडे. ते ऐकलं आणि गुणाजीला मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा भूक लागली. नात घरात राहणार! म्हाताऱ्याला आता दुसरं काही नको होतं.

अर्ज नानांनीच लिहिला. फोर्टातल्या ज्या ऑफिसात परदेशी माणसांची नोंद ठेवतात तिथे चौघं गेले. साहेब बोलायला बरा होता, पण अर्जावर देशाचं नाव वाचून थांबला.

"नवीन नियम आहे," तो नानांना म्हणाला. "तो एड्स नावाचा रोग आलाय ना जगभर, त्याची रक्ततपासणी झाल्याशिवाय आफ्रिकेतल्या कुणाची मुदत वाढत नाही. ही तारीख घ्या, ह्या हॉस्पिटलात जा. तपासणी झाली की पुढचं बघतो."

एस्तरला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. अपमान गिळायची तिला सवय होती, पण म्हणून तो कमी होत नसतो. मग ती म्हणाली, ठीक आहे, मी नर्स आहे, मला सुईची भीती नाही.

तारीख मिळाली ती गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची. आणि इथेच माशी शिंकली.

धुऱ्यांच्या भावकीत गणपती एकच, मूळ घरातला. त्याची पाळी दरवर्षी एकेका घराकडे जाते, आणि त्या वर्षीची पाळी गुणाजीची होती. पाळी म्हणजे मूर्ती आणण्यापासून विसर्जनापर्यंत सगळं ज्याचं त्याने करायचं. ती चुकवणारा धुरी अजून जन्माला यायचा होता. वर कुंडलिकच्या मुलीला घरातल्या देवासमोर उभं केलेलं नव्हतं. गुणाजीने एसटीची तिकिटं आधीच काढून ठेवली होती, शेवंतीने मीराला परकर-पोलका शिवून ठेवला होता.

"अरे गुणाजी, तारीख आहे तिची," नाना म्हणाले. "ती होऊ दे, मग जा. नाहीतर तू एकटा जा."

"नानानू, गणपतीत सरकार बंद आसता. कोण बसतलो रगात काढूक?"

"हॉस्पिटल कधी बंद असतं रे?"

"मग दोन दिसांनी जावया. रगात खंय पळान जाता?" आणि मग त्याने ठेवणीतला मुद्दा काढला. "कागद सायबाच्या हातात नसता, नानानू. देवाच्या हातात आसता. पयलो तेका विचारूक होयो."

नानांनी हात जोडले. एस्तरने मात्र दोनदा विचारलं, "बाबा, हॉस्पिटल?" गुणाजीने दोन्ही वेळा तळहात हलवला. "नो वरी. गणपती फस्ट." तिच्या माहेरीही सासऱ्याच्या शब्दापुढे सून बोलत नसे. तिने बॅग भरली.

कणकवलीच्या पलीकडच्या त्या गावात धुऱ्यांची सून बघायला तीन वाड्या लोटल्या. पहिल्या दिवशी टकमक, दुसऱ्या दिवशी चहा. एका म्हातारीचा जळलेला हात एस्तरने धुऊन बांधून दिला, मग तर विचारायलाच नको. मीरा नव्या परकरात, गणपतीवर बांधलेल्या पानाफळांच्या माटवीखाली नाचत होती. आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, आरती झाल्यावर, गुणाजीने भावकीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या धाकूकाकांना पुढे बसवलं आणि गाऱ्हाणं घालायला सांगितलं. घरातली अडचण देवापुढे मोठ्याने मांडायची, आणि जमलेल्यांनी एका आवाजात पाठिंबा द्यायचा, अशी तिथली रीत.

"बा देवा म्हाराजा!" धाकूकाकांनी डोळे मिटले.

"होय म्हाराजा!"

"आज ह्या गुणाजीच्या हातसून जी काय येडीवाकडी सेवा घडली, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेचो एकुलतो एक झील परमुलखात ग्येलो. तेच्या मागे ह्या एकच लेकरू आसा. तेचो नि तेच्या आवशीचो कागद मुंबयक सायबाच्या टेबलार अडकलो हा, तो सोडवन दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि तेंच्या वाटेत जो कोण आडवो येयत, तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज गुणाजीचा होता. त्याच वेळी मुंबईला हॉस्पिटलात एस्तरचं नाव पुकारलं गेलं आणि नावापुढे गैरहजर लिहिलं गेलं. वाटेत आडवा कोण आला होता, ते त्या माजघरात कुणालाच माहीत नव्हतं.

गौरी-गणपतीचं विसर्जन करून मंडळी विक्रोळीला परतली, तर जिन्यातच रत्नप्रभा भेटली. रोज दळणाचा डबा आणताना चार गोष्टी बोलणारी बाई, पण आज भिंतीला चिकटून उभी राहिली.

"पोलीस आलेले दोनदा," ती म्हणाली. "तुमची सून कुठे, रक्त तपासायला का आली नाही, विचारत होते. मी म्हटलं गेली कोकणात. कुठलं गाव ते मला काय माहीत? काय हो, तिला तो रोग आहे म्हणतात, खरं का?"

"कोण म्हणता?"

"सगळेच."

पोलीस ज्या घरी येतात त्या घराबद्दल लोकांना पुरावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी गुणाजी गिरणीत गेला, तर दळणाचे डबे रोजच्यापेक्षा निम्मे. जे होते त्यांतल्या एका बाईने आपला डबा त्याच्या हातातून परत घेतला. "राहू दे, मी उद्या येते," म्हणाली आणि पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीकडे वळली. संध्याकाळी शेठने त्याला बाजूला घेतलं. "धुरी, थोडे दिवस घरीच बस. माणसं घाबरली आहेत यार, माझी वाट लागेल." हवेतून पसरणारा रोग नाही हे एस्तरने नानांना, नानांनी बिल्डिंगला समजावून सांगितलं. बिल्डिंगने मान डोलावली आणि पाण्याच्या रांगेत एस्तरच्या हंड्यापुढे-मागे हातभर जागा सोडली.

ऑफिसात यावेळी साहेबाने बसायला सांगितलं नाही.

"तारखेला हॉस्पिटलात गेला नाहीत. घरी माणूस पाठवला तर तुम्ही गायब. परदेशी बाईला मुंबईबाहेर न्यायची परवानगी घेतली होती?"

"बाहेर खंय, सायबानू?" गुणाजीला प्रश्नच कळला नाही. "आमी आपल्या गावाक गेलेलों. गणपतीक."

"गाव म्हणजे बाहेरच ना!"

गुणाजीने नानांकडे पाहिलं. साठ वर्षांत त्याला असं कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईत तो कामाला होता, गावाला घर होतं. घरी जाणं म्हणजे बाहेर जाणं कसं?

"मीही रत्नागिरीचाच आहे," साहेब जरा मऊ आवाजात म्हणाला. "माझ्याही घरी गणपती असतो, धुरी. पण मी रजेचा अर्ज देऊन जातो. तुम्ही विचारलं असतं तर तारीख बदलून दिली असती. एका ओळीचं काम होतं. आता वर कळवलं गेलंय की बाई तपासणी टाळून पळाली. मुदत वाढणार नाही. देश सोडायचा हुकूम निघालाय."

त्यानंतरचे दिवस गुणाजीने वेड्यासारखे पळापळीत घालवले. नानांना घेऊन तो त्याच हॉस्पिटलात गेला, हातापाया पडून एस्तरचं रक्त तपासून घेतलं. वॉर्डबॉयने तिला बाकावर सगळ्यांपासून लांब बसवलं होतं. तीही ताठ बसली, मांडीवर पर्स धरून. निकाल स्वच्छ आला. काहीसुद्धा नाही. गुणाजी तो कागद घेऊन अख्ख्या बिल्डिंगमध्ये दारोदार फिरला. रत्नप्रभा म्हणाली, "बरं झालं हो, देवाची कृपा," आणि चहा घेता का म्हणून विचारलं नाही. साहेबाने कागद वाचला, मान हलवली. "चांगलं आहे. फायलीला लावतो." बस्स. हुकूम तसाच. तिकडे जाऊन पुन्हा व्हिसा मागा, असं त्याने सांगितलं.

"बैल गेला आणि झोपा केला," नाना बाहेर पडताना म्हणाले. मग गुणाजीचं तोंड पाहून त्यांना बोलल्याचं वाईट वाटलं. पण बोललं ते खोटं नव्हतं.

गुणाजीला कुणी दोष दिला असता तर बरं झालं असतं. शेवंतीने दिला नाही, कारण पाळी तिलाही तितकीच प्यारी होती. एस्तरने दिला नाही, कारण तो तिच्या स्वभावात नव्हता. ती उलट त्यालाच पाणी आणून द्यायची आणि पाठीवर हात ठेवायची. तो हात त्याला सहन होत नसे. आपल्या हट्टाने आपण नात घालवली, हे त्याला पक्कं कळलं होतं आणि ते कळून आता काही उपयोग नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी शेवंतीने एस्तरपुढे पदर पसरला. "चेडवाक तरी हय ठेव गो बाये. मी डोळ्यांत तेल घालून बघतंय." भाषा कळली नाही तरी मागणं एस्तरला कळलं. ती मीराला पोटाशी घेऊन भिंतीकडे सरकली. गुणाजी उठला आणि त्याने बायकोचा पदर गोळा करून तिच्या हातात दिला.

"आवशीपासून पोर तोडूक आपण काय राक्षस? आणि ताचोय पासपोर्ट थयचोच. उठ."

सहारच्या विमानतळावर काचेच्या दारापर्यंतच जाऊ देत होते. मीरा आईच्या खांद्यावरून "आजी, चल मां!" म्हणून हात करत होती. शेवंती खरोखरच दोन पावलं पुढे गेली, तेव्हा शिपायाने तिला थांबवलं. दार बंद झालं. बरोबर आलेले नाना रिक्षा बघायला गेले आणि हे दोघं तिथेच उभे राहिले, आणखी काही व्हायचं असल्यासारखे. पण आणखी काहीही होणार नव्हतं.

पिठाच्या गिरणीतून पुन्हा बोलावणं आलं नाही. गुणाजीने भांडुपला एका गोदामावर राखणदारी धरली. पुढच्या गणपतीला तो गावी गेला, पण गाऱ्हाण्याच्या वेळी सगळे "होय म्हाराजा" म्हणाले तेव्हा त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही. धाकूकाकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचं गाऱ्हाणं घातलं. एस्तरने तिकडे व्हिसासाठी अर्ज केला, तो परत आला. दुसऱ्यांदा केला, तोही. एकदा देश सोडायचा हुकूम निघालेल्या माणसाला परत येऊ देत नाहीत, असं नानांना कुणी जाणत्याने सांगितलं. नानांनी ते गुणाजीला सांगितलं आणि गुणाजीने ते शेवंतीला सांगितलं नाही. "करतत हत, येळ लागतलो," एवढंच म्हणायचा. शेवंती मीराच्या मापाचे फ्रॉक शिवत राहिली, दरवर्षी थोडा मोठा.

एकोणनव्वद साली स्टेशनजवळ परदेशी फोन लावून देणारं एक दुकान निघालं. एस्तरशी पत्राने वेळ ठरवून नानांनी एका रविवारी दुपारी दोघांना तिथे नेलं. काचेच्या खोक्यात गुणाजी आणि शेवंती दाटीवाटीने उभे राहिले. शेवंतीला आता कमी ऐकू यायचं, म्हणून रिसीव्हर गुणाजीने धरला. आधी एस्तर बोलली, ते त्याला अर्धवट कळलं. मग तिने मीराला पुढे केलं.

"मीरा? बाये, मी आजो बोलतंय गो. वळाखलंस?"

पलीकडे नुसता श्वास. मग सहा वर्षांच्या मुलीचा स्वच्छ आवाज आला, आईला विचारत असलेला. हू इज इट, ममी? व्हॉट इज ही सेइंग? एवढं इंग्रजी गुणाजीला आता येत होतं. एस्तर काहीतरी समजावत होती, मुलगी खुदकन हसली, पाय वाजले आणि ती खेळायला पळाली.

"काय म्हणता?" शेवंतीने त्याचा सदरा ओढला. "काय म्हणता माझा बाय?"

गुणाजीने रिसीव्हर कानाला घट्ट दाबला. "तुका इचारता. आजी जेवली काय, म्हणता."

शेवंतीचा चेहरा असा उजळला की त्याला तिच्याकडे पाहवेना. "सांग तेका, जेवलंय म्हणान. बांगडो केललंय म्हणान सांग."

तारेत खरखर चालली होती. तिकडे कुणीही नव्हतं.

"आजी जेवली गो," गुणाजी म्हणाला. "बांगडो केल्लो."

"मोठ्यान सांग," शेवंती म्हणाली. "लांब आसा ता."

गुणाजीने मोठ्याने सांगितलं.